कळा पुसण्याचं काम

आमच्या ऑफिसात पहिला कॉम्प्युटर आला तेव्हा मी चोवीस वर्षांचा होतो, आस्थापना शाखेत कनिष्ठ लिपिक. ऐंशीचं दशक निम्म्याहून जास्त सरलं होतं. ऑफिस शहराच्या सदर भागातल्या बाजारापासून पायी दहा मिनिटांवर, इंग्रजांच्या काळातल्या एका बैठ्या इमारतीत होतं. मे महिन्यात आम्ही चाळीस माणसं तीन कूलरच्या भरवशावर बसायचो, आणि त्यातला एक कायम बंद असायचा. पण कॉम्प्युटर येणार म्हटल्यावर जुन्या अभिलेखांची एक खोली आठ दिवसांत रिकामी झाली, खिडक्या फळ्या ठोकून बंद झाल्या आणि एसी बसला. मशिनला उष्मा सोसत नाही, असं साहेबांनी सांगितलं. माणसांबद्दल कोणी काही विचारलं नाही.

मशिन आलं त्या दिवशी उंबऱ्यावर नारळ फोडला. ते पाणी फरशीवर तसंच वाळलं आणि आठवडाभर तिथून मुंग्यांची रांग हलली नाही. पडद्याच्या काचेवर कोणीतरी हळदीकुंकवाचं बोट ओढलं, मग ते पुसताना आणखी पसरलं. चपला-बूट बाहेर काढायचे, असा नियम झाला. आत गालिचा होता, खिडकी नव्हती. त्यामुळे पहिल्या दोन-तीन दिवसांतच त्या खोलीला पायमोजे, उदबत्ती आणि जुन्या कागदांचा मिळून एक वास लागला. आत गेलं की मला मळमळायचं. तरी आम्ही सगळे काही ना काही निमित्त काढून आत जायचो, गार हवा खायला.

महिन्याभरात वरून पत्र आलं. चार कर्मचाऱ्यांना सहा आठवड्यांच्या संगणक प्रशिक्षणासाठी पाठवायचं, मात्र त्याआधी मूलभूत कौशल्याची चाचणी घ्यायची. शिकवणं संगणकावरच होणार होतं, म्हणून टायपिंग येतं का, मशिन सुरू-बंद करता येतं का, एवढं तपासा, असं त्यात साध्या शब्दांत लिहिलं होतं. युनियनच्या लोकांनी कॉम्प्युटर नोकऱ्या खाईल म्हणून चार दिवस काळ्या फिती लावल्या आणि पाचव्या दिवशी अर्ज भरले.

अकरा अर्ज आले. त्यांची यादी मी केली. नाव, हुद्दा, वय, शिक्षण, आणि शेवटच्या रकान्यात प्रवर्ग. टायपिंगशी या शेवटच्या रकान्याचा काही संबंध नव्हता. पण आस्थापनेच्या प्रत्येक यादीत तो असायचा, म्हणून मी तोही आखला आणि भरला. माझं अक्षर चांगलं होतं. साहेब त्याचं नेहमी कौतुक करायचे.

त्या अकरांत आमच्या टंकलेखन शाखेतल्या बाई होत्या. वय अडतीस-चाळीस. इंदोरा वस्तीत राहायच्या. छप्पन साली दीक्षा घेतलेलं त्यांचं घर. वडील गिरणीत कामाला होते, आणि पोरीनं खुर्चीत बसून काम करावं असा त्यांचा हट्ट होता, असं त्या सांगायच्या. मराठी आणि इंग्रजी, दोन्ही टाइपरायटर त्यांच्या टेबलावर असत. त्या टाइप करायला लागल्या की वऱ्हांड्यातूनच कळायचं, कारण त्यांच्या मशिनचा आवाज मध्येच थांबत नसे. नकला काढायच्या सायक्लोस्टाइलच्या स्टेन्सिल त्याच कापायच्या. स्टेन्सिलला कळ जोरात मारावी लागते, नाहीतर अक्षर उठत नाही, आणि एक अक्षर चुकलं की लाल द्रव लावून बसावं लागतं. बाईंच्या स्टेन्सिलवर तो लाल ठिपका मी फारसा पाहिला नाही.

चाचणीची सूचना लागल्यावर त्यांनी जे केलं ते बाकी दहांपैकी कोणी केलं नाही. सदरला एक खासगी कॉम्प्युटर क्लास निघाला होता, काचेच्या दाराचा. बाई तिथं ओळीनं तीन शनिवार गेल्या. आत कोणी घेतलं नाही, नुसतं माहितीपत्रक हातात दिलं. मग त्या काचेबाहेर उभं राहून आतल्यांचे हात बघत राहिल्या. घरी जाऊन वहीत लिहून काढलं. एका दुपारी डबा खाताना त्यांनी मला ती वही दाखवली. मशिनचं चित्र काढलं होतं, बटण मागच्या बाजूला उजवीकडे दाखवलं होतं, फ्लॉपी कोणत्या बाजूनं आत जाते तिथं बाण केला होता.

"हे लोक कळ मारत नाहीत, भाऊ," त्या म्हणाल्या. "नुसतं बोट ठेवतात. आपल्या हाताले मारायची सवय आहे. मी घरी पाटावर बोटं ठेवून पाहून राहिली. हलकं हलकं."

मी हसलो. मला ते जरा भाबडं वाटलं होतं.

चाचणीच्या दिवशी साहेबांनी मला अकरा वाजता आत बोलावलं. टेबलावर स्पिरिटची बाटली आणि कापसाचा एक गुंडाळा होता. साहेब बदलून आलेले, बोलणं पुस्तकी आणि मऊ. कधी कोणावर ओरडले नाहीत. ते म्हणाले, "हाताच्या घामात क्षार असतो. कळांना गंज चढतो. तुम्ही माझ्या बाजूला उभे राहा. ज्याचे हात अस्वच्छ वाटतील, त्याच्यानंतर मी मान हलवीन. मग तुम्ही कळा पुसून घ्यायच्या. उमेदवारासमोर नको, उगाच कोणाला वाईट वाटायला." मला हे शास्त्रीय वाटलं. शिवाय एसीत उभं राहायला मिळत होतं.

पहिला आला तो लेखा शाखेतला. त्यानं मशिनला हात जोडले, बटण सापडेना म्हणून दोनदा पडद्यावर थापट मारली, उतारा टाइप करताना अर्ध्यावर सोडला. साहेबांनी मान हलवली नाही. दुसरा आवक-जावक शाखेतला. त्याचंही तसंच. तो बाहेर गेल्यावर साहेबांनी मान किंचित खाली केली आणि मी कापूस भिजवून कळा पुसल्या. तिसऱ्यानंतर नाही.

चौथा बडेबाबूंचा भाचा. बडेबाबू म्हणजे आमचे हेडक्लार्क, साहेबांच्या घरी संत्र्यांच्या पेट्या पोचवणारे. हा भाचा आत आला तेव्हा त्याच्या गालात खर्रा होता. तळहातावर नुकताच घोटलेला; तंबाखू आणि चुन्याचा ओलसर चुरा बोटांना तसाच चिकटलेला. त्यानं तोंड न उघडता मान डोलावून नमस्कार केला. एका बोटानं अक्षर शोधायचं, मग ते बोट त्या कळेवर दाबून धरायचं, मग पडद्यावर एकाच अक्षराची ओळच्या ओळ. साहेब म्हणाले, "हळूहळू, घाई नाही." उताऱ्याच्या दोन ओळी झाल्या. तोंडी प्रश्नांना उत्तर द्यायला तोंड रिकामं नव्हतं, म्हणून साहेबांनी प्रश्न विचारले आणि उत्तरंही सांगितली. तो उठला तेव्हा चार-पाच कळांवर तपकिरी बोटं उमटली होती. एका कळेच्या फटीत सुपारीचा बारीक तुकडा अडकला होता.

मी आपण होऊनच कापूस उचलला.

"राहू द्या," साहेब म्हणाले.

पाचवा अभिलेख शाखेतला तरुण लिपिक. इस्त्रीचा पांढरा शर्ट, नखं कापलेली, हात असे कोरडे की आत येतानाच त्यानं रुमालानं पुसून घेतले असावेत. तो त्या तपकिरी कळांवर बिचकत बोटं ठेवत होता. तो बाहेर गेला आणि साहेबांनी मान हलवली.

तेव्हा मी साहेबांच्या समोरच्या कागदाकडे पाहिलं. माझी यादी होती. त्यांचं बोट पाचव्या नावाच्या ओळीवरून सरकत जाऊन शेवटच्या रकान्यात थांबलं होतं. मी वर दुसऱ्या नावाच्या ओळीतला तो रकाना पाहिला. मग मला समजलं.

समजल्यावर मी काय केलं, तर कापूस भिजवला आणि पुसलं. भाच्याचा खर्राही त्यातच निघाला. तो तपकिरी झालेला बोळा मी टोपलीत टाकला आणि माझ्या मनात आलं, चला, निदान स्वच्छ तरी झालं. इतका हलकट विचार होता तो. त्या क्षणी मला तो पटलाही.

बाई सातव्या. त्यांनी फिकट निळं सुती लुगडं नेसलं होतं, चष्मा लावला होता. आत आल्या, मशिनच्या मागे हात नेऊन बरोबर बटण दाबलं, पडदा उजळेपर्यंत शांत बसल्या. फ्लॉपी पाकिटातून काढताना तिच्या उघड्या भागाला बोट लागू दिलं नाही. उतारा इंग्रजी परिपत्रकाचा होता. त्यांनी तो संपवला तेव्हा साहेबांचा पहिला प्रश्नही तयार नव्हता. मी जवळ उभा होतो, त्यामुळे मला ठाऊक आहे: कळांचा आवाज जेमतेम येत होता. पाटावरची सवय कामी आली होती. साहेबांनी तोंडी प्रश्न विचारले तेही क्लासच्या माहितीपत्रकातले निघाले. बाईंनी सगळ्यांची उत्तरं दिली. एकाचं उत्तर साहेबांनाच नीट माहीत नव्हतं, ते त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं.

बाई नमस्कार करून बाहेर गेल्या. साहेबांनी मान हलवली. मी वाकून पुसायला लागलो.

दार पुन्हा उघडलं. बाईंचा चष्म्याचा डबा टेबलावर राहिला होता. त्या दारात उभ्या होत्या आणि मी हातात ओला कापूस धरून त्यांनी नुकत्याच सोडलेल्या कळा पुसत होतो. खोलीत स्पिरिटचा वास दरवळला होता. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, कापसाकडे पाहिलं. मग आत आल्या, डबा उचलला, आणि दार हळू ओढून घेऊन गेल्या. साहेब यादीत काहीतरी लिहीत असल्यासारखे खाली बघत होते.

शेरे मी लिहिले. साहेब सांगायचे, मी लिहायचो. भाच्यापुढे लिहिलं, "हात हलका, शिकण्याची तयारी उत्तम." बाईंपुढे साहेब जरा थांबले. मग म्हणाले, "लिहा. हाताचा आघात जड. यंत्रास अपाय संभवतो." मी माझ्या चांगल्या अक्षरात ते लिहिलं. अभिलेखवाल्या मुलापुढे लिहिलं, "आत्मविश्वासाचा अभाव."

अकरा झाल्यावर साहेब म्हणाले, "तुम्हीही बसून बघा की. उमेद आहे तुमच्यात." मी अर्ज केला नव्हता. मला टायपिंग येत नव्हतं. मी बसलो, माझं नाव दोन बोटांनी टाइप केलं, त्यातही आडनावात एक अक्षर चुकलं. साहेबांनी यादीखाली बारावं नाव लिहायला सांगितलं आणि शेवटच्या रकान्याकडे न बघता पुढे म्हणाले, "समाधानकारक." निवडलेल्या चारांत मी होतो. आणि मला आनंद झाला. घरी जाताना सायकलवर मी शीळ घालत होतो. ती शीळ आज आठवली तरी स्वतःच्या तोंडावर हात मारावासा वाटतो.

रात्री जेवण जाईना तेव्हा आईनं विचारलं, "काहून जेवून नाही राहिला गा?" मी तिला सगळं सांगितलं. ती पोळीला तूप लावत होती. म्हणाली, "मग त्यात काय झालं? तू काय त्यायच्या तोंडावर बोललास? पुसलंच ना नुसतं?" आणि वाटी माझ्यापुढे सरकवली. मागच्या दाराजवळच्या खिडकीत एक पेला पालथा ठेवलेला होता. भांडी घासायला येणाऱ्या बाईचा पेला. मी जन्मापासून तो तिथं बघत होतो. त्या रात्री तो मला पहिल्यांदा दिसला असं म्हणता येईल. तो उचलून मी आतल्या पेल्यांत ठेवला, असं लिहायला मला आवडलं असतं. मी हात धुऊन झोपलो.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या सुट्टीत बाई माझ्या टेबलापाशी आल्या. बसल्या नाहीत.

"भाऊ, माझ्यामागून कळा पुसल्या. काहून?"

मी घाम, क्षार, गंज असं सगळं सांगितलं. म्हणालो, सगळ्यांच्याच मागून पुसत होतो.

"सगळ्यायच्या?"

"हो."

त्यांनी सांगितलं, की काल संध्याकाळी त्या प्रत्येक उमेदवाराला भेटल्या होत्या. कोणाला आत गेल्यावर कळा ओल्या लागल्या, कोणाला कोरड्या, हे विचारून घेतलं होतं. कोणानंतर कोण गेलं, ते त्यांना पाठ होतं. त्यांनी तीन नावं घेतली आणि चौथं स्वतःचं.

मी म्हणालो, "साहेबांनी सांगितलं होतं, बाई."

"साहेबानं सांगितलं असन. हात तुमचा होता."

त्यांचा आवाज वाढला नव्हता. त्यांना माझ्याकडून दोन ओळींचं लेखी हवं होतं, की पुसणं ठरावीक लोकांच्याच मागून झालं. शेऱ्यांची नक्कल मागणारा अर्ज त्या देणार होत्या, त्याला ते जोडायचं होतं. मी "बघतो" म्हणालो. दुसऱ्या दिवसापासून घशाला सूज आल्याचं कळवून मी तीन दिवस रजेवर राहिलो. घसा ठणठणीत होता. तीन दिवस मी घरी अंथरुणात पडून पंख्याकडे बघत होतो आणि आई काढा देत होती, तो मी पीत होतो.

बाईंनी माझ्याशिवाय अर्ज दिला. साहेबांनी तो वाचून माझ्याकडेच पाठवला, "नस्तीबद्ध करावा" असा शेरा मारून. म्हणजे फायलीत लावा आणि विसरा. मी लावला.

जूनच्या मध्यावर आम्ही चौघं प्रशिक्षणाला गेलो. केंद्र शहरातच होतं. शिकवणारे सर तिशीतले, सडपातळ, कमी बोलणारे. पहिल्या दिवशी त्यांनी पुन्हा चाचणी घेतली. एकेकाला बसवून म्हणाले, तुमचं नाव आणि घरचा पत्ता टाइप करा, साठवा, मशिन बंद करा, पुन्हा सुरू करून तोच पत्ता मला काढून दाखवा. बस, एवढंच. वीस-बावीस लोक वेगवेगळ्या ऑफिसांतून आले होते, बहुतेकांना ते जमलं. आमच्या चारांतल्या एकालाही जमलं नाही. भाच्यानं मशिन बंद करण्याऐवजी पडद्याचंच बटण दाबलं आणि झालं म्हणून उठला.

सरांनी आमच्या ऑफिसचं पत्र काढून पाहिलं. "यात तर लिहिलंय, मूलभूत कौशल्य तपासून पाठवत आहोत. तुमची तपासणी कोणी केली?"

खोलीतल्या बाकीच्या लोकांपैकी कोणीतरी हसलं.

आठवड्याच्या आत केंद्राचं पत्र साहेबांच्या टेबलावर पोचलं. चौघांनाही टायपिंग येत नाही, शिकवणं पुढे नेता येत नाही, टायपिंग जाणणारा माणूस पाठवा, अन्यथा तुमच्या ऑफिसच्या जागा दुसऱ्यांना देऊ, आणि तसं वर कळवू. वर कळवू या शब्दांनी साहेबांची झोप उडाली असावी. त्यांनी बाईंना बोलावलं. मला कागद घेऊन आत उभं केलं होतं, म्हणून मी हे ऐकलं. त्यांनी बाईंना बसायला खुर्ची दिली, आणि उद्यापासून तुम्ही केंद्रात जा, असं अगदी मऊपणानं सांगितलं.

"मी तं नापास आहे, साहेब," बाई म्हणाल्या.

साहेब म्हणाले, की तो तांत्रिक भाग आहे, त्याचं एवढं काही नाही.

"शेरा लिहिलेला आहे. माझ्या हातानं मशिन बिघडते म्हणून. मशिन बिघडलं तं उद्या कोणावर येईन? आधी चाचणी परत घ्या. अकराही जणांची. त्या खोलीत नाही, हॉलमधे. आणि केंद्राचे सर घेतीन."

साहेब लालबुंद झाले, पण ओरडले नाहीत. अशानं शिस्तीचा प्रश्न येतो, असं काहीतरी बोलले. बाई उठून उभ्या राहिल्या. त्यांच्या हातात स्टेन्सिलचा कागद होता, तो सायक्लोस्टाइलला लावायचा आहे, असं सांगून त्या गेल्या. दोन दिवस साहेबांनी दुसरा कोणी टायपिस्ट मिळतो का ते पाहिलं. दुसरा नव्हता.

तिसऱ्या दिवशी मशिन एसीच्या खोलीतून हॉलमध्ये आलं. एवढं जपलेलं मशिन बंद कूलरशेजारी एका साध्या टेबलावर ठेवलं, आणि ते तिथं व्यवस्थित चाललं. केंद्राचे सर आले. चाळीसच्या चाळीस माणसं खुर्च्या वळवून बसली होती. सर सुरुवात करणार, तेवढ्यात बाई उभ्या राहिल्या.

"सर, एक विचारायचं होतं. मागच्या खेपेला इथं काही लोकायच्या मागून कळा पुसल्या. स्पिरिटनं. आज पुसायच्या असन तं सगळ्यायच्या मागून पुसा, नाही तं कोणाच्याच नाही."

सरांना खरंच समजलं नाही. ते म्हणाले, "कळा कशाला पुसायच्या? चहा सांडला तर पुसतात." मग त्यांनी आमच्याकडे पाहिलं. एकेक चेहरा बघत गेले. हळूहळू त्यांच्या लक्षात येत गेलं, ते आम्हाला दिसलं. "कोणी पुसल्या?" त्यांनी विचारलं.

चाळीस माणसं होती. त्यातल्या निम्म्यांना तरी एव्हाना सगळं माहीत होतं. अभिलेखवाला मुलगा मान वर करून सरळ माझ्याकडे बघत होता. मी फरशीकडे बघत होतो. साहेब म्हणाले, "बाईंचा काहीतरी गैरसमज झालेला दिसतो," आणि मी काही बोललो नाही. एक वाक्य पुरलं असतं. मी पुसल्या, यांनी सांगितलं म्हणून, एवढंच. माझी नोकरी गेली नसती. फार तर गडचिरोलीला बदली झाली असती. मी फरशीवरची एक भेग बघत राहिलो आणि माझ्या नाकात तोच स्पिरिटचा वास येत राहिला.

सरांनी आणखी थोडा वेळ वाट पाहिली. मग पहिलं नाव वाचलं.

चाचणीत बाईंचा पहिला नंबर आला. सरांनी शेरा स्वतःच्या हातानं लिहिला: "टायपिंग निर्दोष, हात हलका." अभिलेखवाला दुसरा. त्याला बटण सापडायला वेळ लागला, पण त्यानं विचारून घेतलं, आणि विचारलेलं चालतं, असं सर म्हणाले. भाचा आलाच नाही, त्याच्या पोटात दुखत होतं. माझा अर्जच नव्हता, त्यामुळे निवडलेल्यांत मी नव्हतो, आणि ते बरोबर होतं.

जुना कागद मात्र कोणी रद्द केला नाही. साहेबांनी नवा तक्ता त्याच्यावर लावायला सांगितला. मी लावला.

बाई सहा आठवडे शिकून आल्या आणि कॉम्प्युटरची खोली त्यांच्याकडे आली. पहिल्याच दिवशी त्यांनी खिडकीच्या फळ्या काढायला लावल्या आणि बूट बाहेर काढायचा नियम बंद केला. पुढच्या वर्षी सगळ्या शाखांना मशिनवर काम शिकणं सक्तीचं झालं, तेव्हा आम्हाला त्यांनीच शिकवलं. शिकवायला बसवण्याआधी प्रत्येकाला काय येतं ते त्या तपासायच्या, पण नापास कोणाला करत नव्हत्या. ज्याला जिथं अडतं तिथून त्याचं सुरू. मला कळांवर बोटं कशी ठेवायची इथपासून शिकवावं लागलं. त्यांनी ते नीट शिकवलं. कधी टोमणा मारला नाही. फक्त भाऊ म्हणायचं बंद केलं. मी आता त्यांच्यासाठी "बाबू" होतो, ऑफिसातल्या कोणत्याही लिपिकासारखा.

साहेबांची बढतीवर बदली झाली. त्यानंतर एका रविवारी मी इंदोऱ्याला बाईंच्या घरी गेलो, माफी मागायला. साहेब गेल्यावरच मला हे धाडस सुचलं, हेही इथं लिहून ठेवतो. त्यांचे मिस्टर रेल्वेत फिटर होते. त्यांनी खुर्ची दिली, पाण्याचा पेला दिला. ते पाणी मी घटाघटा प्यालो, गरजेपेक्षा जास्त घटाघटा, दोघांना दिसावं म्हणून. मी पेला खाली ठेवला तेव्हा बाई माझ्याकडे बघत होत्या आणि मला कळलं, की त्यांना तेही दिसलं.

मी सगळं बोललो. मान हलवणं, यादी, शेरा, घशाची सूज.

मग त्या म्हणाल्या, "हे मले सांगून काय होईन? मले माहीत आहे ना. मी तिथंच होती. तुम्ही मले सांगान आणि हलके होऊन घरी जान. मी काहून तुम्हाले हलकं करू?"

मी म्हणालो, मग कोणाला सांगू?

"त्या दिवशी हॉलमधे विचारलं होतं सरांनी," त्या म्हणाल्या. "त्यायले सांगायचं होतं."

मिस्टरांनी चहा घेऊन जा म्हणून आग्रह केला. बाईंनी केला नाही. मी चहा न घेता निघालो. परत येताना पेट्रोलपंपापाशी सायकल लावून मी बराच वेळ नुसता उभा होतो. सोमवारी ऑफिसात जाऊन सगळ्यांना सांगायचं, असं तिथं ठरवलं होतं. सोमवारी साडेदहाला हजेरीच्या वहीत सही केली. बडेबाबूंनी सुपारी पुढे केली, ती घेतली.

अकराच्या सुमाराला बाईंनी मला आत बोलावलं. शनिवारी मी भरलेली सेवाज्येष्ठतेची यादी त्यांनी छापून ठेवली होती आणि चुकांखाली पेन्सिलीनं रेघा मारल्या होत्या.

"सात चुका आहेत, बाबू," त्या म्हणाल्या. "जेवायच्या आधी करून द्या."

मी बसलो आणि दुरुस्त्या करायला लागलो.